तुलनेपुरती बहीण

एमआरआयच्या खोलीबाहेर शिंपी आपल्या पाळीची वाट बघत बसला होता. गळ्यात पट्टा असल्यामुळे त्याची मान वळत नव्हती, पण शेजारच्या बहीणभावाचं बोलणं ऐकू येत होतं.

"तरतरीच्या गोळ्या तू खायच्या आणि डोकं मी तपासून घ्यायचं?"

"ताई, डॉक्टरांना अभ्यासासाठी तुलना करायचीय. एक नशा केलेलं भावंड, एक न केलेलं."

"म्हणजे माझं डोकं ठिकाणावर आहे असं धरूनच चाललेत! तुझ्यापायी ते कधीच कामातून गेलंय."

"डॉक्टर म्हणाले, त्या गोळ्यांनी मेंदूच्या भागांचं एकमेकांशी बोलणंच बिघडतं. सोडल्या की पुन्हा जुळत जातं, हळूहळू."

"किती हळूहळू?"

"मला सोडून वर्ष होत आलं. थोडं जुळलं असेल."

"घरात बाबा तुझ्याशी बोलत नाहीत, त्याचा काढा म्हणावं फोटो!"

दार उघडलं. "चला बाई. अंगावर धातूचं काही ठेवू नका."

बहिणीने करवादत हातातल्या सोन्याच्या बांगड्या उतरवल्या आणि शिंप्यापुढे धरल्या.

"दादा, एवढ्या सांभाळता का जरा?"

शिंप्याने हात पुढे केला.

"दे, त्यांच्याकडेच दे," भाऊ म्हणाला. "आईच्या तर मी विकल्याच."

"हो, आता गावभर सांगत सूट!"

शिंप्याच्या हातापर्यंत आलेल्या बांगड्या मागे गेल्या.

"हं, धर. आणि इतक्या घट्ट आवळू नकोस गधड्या, वाकतील."