छत्तीस दात्यांचा गिअर

त्या खुर्चीवर नको — तिकडे बस, त्या तेलाच्या डब्यावर. पुसलेला आहे, पँट नाही खराब व्हायची, आणि झाली तर झाली, गॅरेजमध्ये आलायस, लग्नाला नाही. खुर्ची का नको म्हणजे — ती आपली तशीच असते तिथं. हां, तर तू बाईंचा भाचा. सख्ख्या बहिणीचा मुलगा. तरीच म्हटलं, हे नाक आपण कुठंतरी पाहिलंय. अरे-तुरे केलं तर चालेल ना? बाईंचा भाचा म्हणजे घरचाच की — म्हणजे घरचा कसला, आपली बोलायची पद्धत. चिठ्ठी राहू दे हातात, चष्मा सापडला की वाचतो, आत्ता तर इथंच होता कुठंतरी. आधी वस्तू दाखव.

हं. हाच तो. मॅग्नेटोचा गिअर — आणि काढलास कुणी? तू? व्हिडिओ बघून? शाबास. आम्ही तीन वर्षं उस्तादाच्या शिव्या खाल्ल्या तेव्हा कुठं त्यानं हे झाकण उघडू दिलं, आणि हे लोक चहा पिता पिता शिकतात. बरं, काढलास ते काढलास, याचं काम काय ते कळलं का? सांगतो. इंजिन याला फिरवतं, हा मॅग्नेटोला फिरवतो, आणि मॅग्नेटो ठिणगी पाडतो — नेमक्या क्षणाला, ना आधी ना नंतर. आता हे दाते बघ, कसे टोकदार झालेत. असे झिजले की मध्ये फट पडते, ठिणगी आपल्या मर्जीनं पडायला लागते, गाडी चौथ्या-पाचव्या किकला सुरू होते आणि चढाला धापा टाकते. मग आणायची इकडं, टायमिंग लावायचं, महिनाभर बघायला नको. हा ठिपका दिसतोय? मी पंच ठोकून केलेली खूण आहे ती. नऊ वर्षं झाली, बाईंच्या गाडीला माझ्याशिवाय कुणाचा हात लागला नव्हता. आज तुझा लागला. असो.

काय? काय म्हणालास — कायमचं? मावशीला दर महिन्याला खेटे घालायला लागतात, म्हणून तू सुट्टीत येऊन कायमचं दुरुस्त करून देणार. वा. चांगली गोष्ट आहे. कोण करतं हल्ली मावशीसाठी इतकं. पण कायमचं असं काही नसतं बाबा यंत्रात, हे लिहून ठेव. आणि नवा गिअर निवडणं म्हणजे काय भाजी घेणं नाही. तीन प्रकारचे येतात. एक फायबरचा — तपकिरी, हलका, चालतो तेव्हा चूं नाही की चां नाही. पण तेल पितो, फुगतो, आणि एके दिवशी भर रस्त्यात सगळे दाते सोडून देतो. बाईंना या वयात रस्त्यात उभं करणार का तू? नाही ना. मग ॲल्युमिनियमचा — तापला की वाढतो, घट्ट बसतो, गार झाला की खडखडतो, त्याचा स्वभावच चंचल. आणि तिसरा पोलादी. तो मजबूत, त्यात वाद नाही, पण इतका गातो म्हणून सांगू, सबंध गल्ली खिडक्या लावून घेईल. आणि एकटा घेऊन चालतच नाही, जोडी लागते — नवा पोलादी जुन्या सोबत्याला चार महिन्यांत खाऊन टाकतो. तेव्हा माझं ऐक, हाच परत बसव. सवयीचा आहे. बाईंच्या गाडीची गोष्टच वेगळी, वडिलांची गाडी, तीस वर्षं शाळेत घेऊन गेल्या. आवाज आला की वर्गातली पोरं फळा पुसायला धावायची.

कुठं बघतोयस? तो खण — काही नाही त्यात, नटबोल्ट. अरे, उघडू नको. उघडलास. पुडक्यावर नंबर आहे, दिसतोय मला, आंधळा नाही, चष्मा सापडत नाही एवढंच. हो, बाईंच्याच गाडीचा नंबर. हो, माझंच अक्षर. काय आहे म्हणजे — गिअर आहे. पोलादी. जोडी. हो, बरोब्बर तोच. नाही रे, इतका काही गात नाही तो, जरा गुणगुणतो. कधी आणला? झाली असतील — सहा वर्षं.

असं बघू नकोस माझ्याकडं. मी काही लबाड माणूस नाही, विचार या रस्त्यावर कुणालाही. आणला होता बसवायलाच. शनिवार होता. बाई आल्या, त्या खुर्चीत बसल्या, वर्तमानपत्रातलं आकड्यांचं कोडं काढलं, पेन्सिल कानावर. मी झाकण उघडलं. त्या नेहमीसारख्या उठून आल्या, केसातला आकडा काढला आणि एकेका दात्याला टेकवून मोजायला लागल्या — गणिताच्या बाई ना, मोजल्याशिवाय चैन नाही. छत्तीस, म्हणाल्या, सगळे आहेत मिस्त्री, एकही पळाला नाही. आणि हसल्या. मी म्हटलं, राहू दे, पुढच्या महिन्यात बसवू. पुढच्या महिन्यात परत तेच. दहा मिनिटांचं काम आहे ते, टायमिंग लावणं. मी एक तास लावतो. झालेला नट सोडतो, परत आवळतो. त्या कोडं सोडवतात, मध्येच विचारतात, सात बसेल का हो इथं? मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, मी म्हणतो बसेल. बायको गेल्यावर माझ्याशी कामाव्यतिरिक्त कुणी बोलत नव्हतं रे. हा गिअर बदलला असता तर बाई आल्या असत्या कशाला? पत्ता विचारायला? तेव्हा घासून पुसून जुनाच बसवत राहिलो. झालं. बोललो. बोलायचं नव्हतं, पण तूही कसला घुमा, समोरचा माणूस आपोआप ओकतो.

घे. नेऊन बसव, जोडीतले दोन्ही गिअर आहेत. माझं काय, आज ना उद्या हे व्हायचंच होतं. त्यांचे गुडघे दुखतात, पाच-पाच किका मारायच्या म्हणजे काय खाऊ आहे, आणि माझी एका शनिवारची करमणूक. लाज वाटते मला, खरंच सांगतो. फक्त हे मावशीला सांगू नकोस. आत्ताच आला म्हण गिअर. थांब — सापडला, वायसरच्या डब्यात होता चष्मा. दे ती चिठ्ठी, दाते ताडून बघतो आणि मग ने. उस्तादाचा नियम होता, वस्तू देताना माप जुळवल्याशिवाय द्यायची नाही.

पस्तीस?

हे कुणी लिहिलं? बाईंनी स्वतः? अक्षर त्यांचंच आहे, तो पाच असाच काढतात, शेपूट वर. पण पस्तीसचा गिअर नसतोच या इंजिनाला, कधी नव्हता. बसला तरी ठिणगी प्रत्येक फेरीला सरकत जाईल, गाडी जागची हलणार नाही. तू मोजलेस का दाते निघण्याआधी? नाही? का नाही? नको म्हणाल्या. मोजत बसू नकोस, चिठ्ठीत आहे तोच आण, दुसरा आणू नकोस — असं म्हणाल्या? दोनदा म्हणाल्या?

अर्ध्या मार्कासाठी मुख्याध्यापकांशी भांडणारी बाई ती. नऊ वर्षं, दर महिन्याला, आकडा टेकवून टेकवून छत्तीस. त्या चुकतील?

आण ते पुडकं इकडं. आण म्हणतो ना. मघाशी दिलं ते दिलं, आता परत घेतलं. चिठ्ठीत पस्तीस लिहिलंय आणि पस्तीसचा माझ्याकडे नाही, मी दुकानदार माणूस, गिऱ्हाईक मागेल ते देणार. तू काय हसतोयस? हा जुना घे आणि ठिपक्याला ठिपका लावून बसव. एखादा दाता इकडंतिकडं झाला तर बिघडत नाही, सुरू नाही झाली तर उद्या दोघं मिळून ढकलत आणा. मावशीला निरोप सांग, मिस्त्री म्हणाले, पस्तीसचा शोधतोय. मिळायला अवघड आहे, वेळ लागेल, बराच वेळ लागेल, पण शोधतोय. तोवर टायमिंग लावून देईन. आणि किक मारायला मी येत जाईन म्हणावं सकाळी, घर काही लांब नाही.

नाही, चिठ्ठी राहू दे इथं. मापाला लागेल. चल, ऊठ आता, पळ. उद्या शनिवार, मला खुर्ची पुसायचीय.