छोट्या खोलीतलं दुसरं मशीन

—नाही गं, पेल्याने नाही पसरत! कुणी सांगितलं, सासूने? माझ्याकडे सूनबाईने शोध लावला होता. पेला वेगळा, ताट वेगळं, टॉवेलला लाल दोरा! मी म्हटलं, बाई, हा हिपॅटायटिस सी, हा रक्तातून जातो, मी काय पेल्यात रक्त ओतून ठेवणार आहे? तर म्हणते, तसं नाही आई, आपलं सावध असावं. सावध! — बस, बस स्टुलावर, टेकून बस. दारावर लाल पाटी आहे म्हणून सगळ्यांना वाटतं आत वाघ बांधलेत. आहे काय आत? दोन पलंग, डायलिसिसची दोन मशिनं, खिडकी आणि मी. त्यात घाबरण्यासारखी मीच. हसलीस! वा, हसता येतं म्हणजे तुला.

कुठून आला म्हणून डोकं खाऊ नकोस स्वतःचं. मला बाहेरच्या मोठ्या हॉलमध्येच, सगळ्यांबरोबर डायलिसिस व्हायचं तेव्हा लागला असणार — गर्दीचा दिवस, कुणीतरी हातमोजे बदलले नाहीत, तेच हात शेजारच्याच्या नळीला, तेच माझ्या — झालं. एका महिन्यात आम्ही तिघं निघालो. तुझंही तसंच असेल. तुझं काही चुकलेलं नाही, नवऱ्याला ठणकावून सांग. आणि जातो तो! तीन महिने गोळ्या, मग तीन महिने वाट बघायची, मग शेवटची तपासणी. व्हायरस नाही सापडला की पुन्हा हॉलमध्ये, टीव्हीसमोर. मला तर कागद हातात घेऊन जिन्यातच नाचावंसं वाटलं — म्हणजे वाटेल, असं म्हणते मी. येईल तेव्हा.

तो पलंग? तो टेलरसाहेबांचा. येतीलच, बस उशिरा आली असेल. त्यांच्या गोळ्या लागू पडल्या नाहीत, आता दुसऱ्यांदा सुरू केल्यात. माणूस असा की — काय सांगू — डाव्या हातातली सुई टोचायची शीर बंद पडली, मग उजव्यात केली. टेलरचा उजवा हात! चार तास हलवायचा नाही. दुसरा कुणी रडत बसला असता. हे मला म्हणतात, बाई, तुमचा उजवा मोकळा, माझा डावा मोकळा, मिळून एक टेलर होतो की! आणि खरंच, पलंग जवळ ओढले, त्यांनी वर्तमानपत्र धरायचं, मी कात्री चालवायची. फ्रॉकचे कागद कापतो आम्ही. सहा फ्रॉक झाले! एकाचा गळा मी इतका मोठा कापला की म्हणाले, यातून मूल खाली निघून जाईल. मी हसले, तर मशीन बोंबलायला लागलं, सिस्टर धावत आली — काय झालं? काही नाही, गळा मोठा झाला!

अगं, साठी उलटली माझी. नवरा गेला त्याला अकरा वर्षं झाली. आता सोमवार, बुधवार, शनिवार केस नीट विंचरून येते मी. सूनबाई म्हणते, आई, डायलिसिसला चाललात की लग्नाला? आता तूच सांग, असं असताना तो कागद सिस्टरला कुठल्या तोंडाने — कुठला कागद? कुठलाच नाही. बरं, आहे. पर्समध्ये आहे. तीन आठवडे झाले. तिला सांगितलं, लॅबवाले उशीर करतात. अशी बघू नकोस! कुणाचं काय बिघडतंय? हॉलमध्ये मशिनं रिकामी आहेत, इथे मी कुणाच्या —

धाप का लागलीय तुला? बसल्या बसल्या? चप्पल काढ. अगं बाई, पायांची काय दशा ही! बोट रुततंय. शेवटचं डायलिसिस कधी झालं? — गुरुवारी? आज बुधवार! सहा दिवस? सोडून का दिलंस? — मशीन मोकळं नव्हतं. कुठलं मशीन? हॉलमधलं तर तुला चालत नाही आता. मग इथलं... इथे तर दोनच आहेत, बाकीच्या पाळ्या आधीच भरलेल्या. एक त्यांचं, आणि —

हं.

सिस्टर! अहो सिस्टर, इकडे या! मला इथे नका लावू, हिला लावा, मी हॉलमध्ये जाते. हा घ्या रिपोर्ट. निगेटिव्ह. तारीख वाचता येते मला, ओरडा नंतर, किती ओरडायचं ते ओरडा, आधी हिला वर घ्या. तीन आठवडे खोटं बोलले, मला माहितीय. ए, तू चढ ना वर! रडतेस काय, चूक माझी. कात्री उशीखाली आहे, ते धरतील तशी सरळ चालव, घाई करू नकोस. नाही, थांबत नाही मी. ते आले तर मला पाय उचलवायचा नाही. विचारतील, तर सांग, बाई बरी झाली. एवढंच. कधी, ते सांगू नकोस. आणि तोंड कर तिकडे जरा, मला माझी पिशवी भरू दे.