आळीनं काढलेला अंदाज

अहो, माझी नोकरी हवामानाच्या अंदाजाची. परवा माहीमला अवकाळी पाऊस आला आणि शेजारची हिरा कोळीण तणतणत आली.

"काका, तुमचे कपडे दोरीवर बघून मी जवला वालत घातला. माझा बघून अख्ख्या आलीनं घातला. सगला भिजला!"

मी म्हटलं, "आमचं अंदाज काढायचं पहिलं यंत्रही असंच होतं गं. बरेच संगणक एकमेकांना जोडलेले, आणि प्रत्येक जण शेजाऱ्याला विचारून हिशोब करायचा."

"मंग तुमी कोनाला विचारून कपडे वालत घातले?"

"तू जवळ्यासाठी अंगण झाडताना दिसलीस ना!"

"म्हंजे आभालाकडं कोनीच नाय बघितलं?"

त्या यंत्राच्या पहिल्या अंदाजाच्या दिवशी चिंब भिजून ऑफिसात आलेल्या साहेबांनीही मला हेच विचारलं होतं.