नवरीचं नाव राहिलं

“माकेंगोसारखा गवय्या शतकात एकदाच होतो!” किन्शासाच्या दवाखान्यात रांगेतल्या बाईनं जाहीर केलं.

“आता त्याला जिना चढवत नाही, न्सोना,” शेजारीण म्हणाली.

मागच्या बाकावर म्हाताऱ्या माकेंगोनं टोपी आणखी खाली ओढली.

“अजूनही उभा राहिला असता, तर मैदान भरलं असतं.”

“कोण आलं असतं गं?”

“मी! माझ्या लग्नात गाण्यात पैसेवाल्या मामाचं नाव घेऊन घेऊन घसा कोरडा केला त्यानं. नवरीचं विसरला. अजून वाट बघतेय मी.”

माकेंगोनं डोळे मिटले. कित्येक वर्षांनी गळा मोकळा सोडला. ‘न्सोना’ सुरात घोळवलं, हळूहळू वर चढवलं.

ती वळली. “आजोबा, जरा हळू. नंबर पुकारताहेत.”