आई: घरी

दातांच्या डॉक्टरांकडे नंबराची वाट बघत दोन बहिणी माझ्या शेजारी बसल्या होत्या.

“ताई, हे फोनवरचं ॲप बघ! घरातल्या प्रत्येकाचा फोन यात जोडलाय. कोण घरी, कोण बाहेर, सगळं दिसतं. शेवटचा माणूस बाहेर पडला की दिवे-पंखे आपोआप बंद!”

“आणि तुझ्या सासूबाई?”

“तिथेच तर फजिती झाली! त्यांच्याकडे फोनच नव्हता. आम्ही कामावर गेलो, घराला वाटलं कुणीच नाही. भर दुपारी त्यांचा पंखा बंद!”

“अगं बाई! चिडल्या असतील.”

“‘मला घरात धरतच नाही का रे?’ असं यांना विचारलं. दुसऱ्याच दिवशी यांनी फोन आणून ‘आई’ नाव घातलं.”

“मग मिटलं.”

“कसलं मिटतंय! आता रोज विचारतात, सगळ्यांच्या नावापुढे कधी ना कधी ‘बाहेर’ येतं, माझ्यापुढे सारखं ‘घरी’च का?”

“पाय मोडल्यापासून उंबरा ओलांडला नाही ना त्यांनी?”

“दोन वर्षं झाली! डॉक्टर ‘आता बाहेर चालत जा’ सांगून थकले, पण... थांब, फोन वाजला. ताई! ताई, वाच!”

“‘आई: बाहेर.’ अगं, एकट्याच? लाव, लाव फोन!”

“नाही हं! जाणाऱ्याला मागून हाक मारत नाहीत.”