दोन क्लचांचा एकटा माणूस

…नाही, पण मला एक सांगा, चालू भांडण अर्ध्यावर टाकून माणूस किएलला जातो का? पण नाही! गेभार्ड गेला, लेकीकडे, देशाच्या पार वरच्या टोकाला, समुद्राकाठी… आणि मी इथे श्टुटगार्टजवळच्या या टेकाडावर समोर त्याच्या घराच्या बंद खिडक्या बघत बटाट्याचं सॅलड चिवडतोय. अहो, भांडायला माणूस लागतो हो, माणूस!

तुम्हाला सांगतो, आम्ही दोघे एकाच कारखान्यात गिअरबॉक्स करायचो. मी दोन क्लचवाल्यांच्या विभागात, तो जुन्या ऑटोमॅटिकवाल्यांच्या. मधे एक जिना, आणि तो जिना म्हणजे सरहद्द! निवृत्त झाल्यावर गाड्या घेतल्या, त्याही आपापल्या पंथाच्या. माझी बुटकी, लाल, दोन दारांची. एक क्लच तिसरा गिअर ओढतोय तोवर दुसऱ्याने चौथा धरूनच ठेवलेला… म्हणजे एक घास तोंडात, दुसरा हातात! पापणी लवायच्या आत गिअर पडतो! आणि त्याची? काळी, लांबलचक, आत कातडी सोफे, आणि इंजिन न् गिअर यांच्यामध्ये काय, तर तेल! एक पंखा तेल ढकलणार, ते तेल दुसऱ्या पंख्याला फिरवणार… मी म्हणायचो, "गेभार्ड, तुझी गाडी गिअर बदलते की निरोप पाठवते?" तर हा मिशीतल्या मिशीत, "आणि तुझी रे एगोन? गर्दीत अशी चालते, जशी उचकी लागलीय!"

दर गुरुवारी दुपारी इथेच, याच टेबलावर. ही रोझविता, खानावळ हिचीच, मसुराच्या बशा आपटायची, "आज तरी माणसांचं काही बोला!" आता माणसांचं काय बोलायचं? माणसांना गिअर असतात का?

आमची इर्मगार्ड वारली… दफन करून निघालो तेव्हा गेभार्डने मला स्वतःच्या गाडीत घातलं. समजूत नाही, सांत्वन नाही. चढ लागला, गाडी वर आली, आणि हा हळूच म्हणतो, "बघितलंस? जरासुद्धा धक्का बसला नाही." अहो, मी बायकोला पुरून आलेला माणूस! पण असा भडकलो, असा भडकलो… आख्खा रस्ताभर भांडलो! घर कधी आलं कळलंच नाही. आत जाऊन दिवा लावला, तेव्हा कळलं. म्हणून म्हणतो, भांडायला माणूस लागतो!

मग यंदा त्याची नजर अधू झाली. लेक आली, ऊटे, "बाबा, आता एकटं राहायचं नाही," आणि काळी गाडी विकून मोकळी! निघायच्या दिवशी मी फाटकाशी गेलो. म्हटलं, "जाताना तरी कबूल कर." म्हणाला, "मरताना करीन!" तुम्हाला सांगतो, बरं वाटलं मला. म्हटलं, चला, खटला चालू आहे.

आणि पुढच्याच गुरुवारी फोन. "एगोन, ऊटेने विजेची गाडी घेतलीय. हिला गिअरच नाहीत."

"मग? कशी आहे?"

"चालते."

चालते! बास! जन्मभर गिअर केलेला माणूस 'चालते' म्हणतो! आणि वर… "एगोन, तुझंच बरोबर होतं रे. दोन क्लचच चांगले."

तुम्हाला वाटेल, मी नाचलो. कसला नाचतोय! आवाजच असा होता हो… म्हातारी माणसं शेवटी शेवटी घरातल्या वस्तू वाटून टाकतात ना, घे बाबा, तूच ठेव… तसा. आणि मी ओरडलो, रोझविता दचकली, "काय बरोबर होतं? डोंबल! परवा बाजाराच्या चढावर गाडीने असे गचके दिले, क्लचचा जळका वास, मागचा भोंगा वाजवतोय… तुझं तेलच बरं, लेका! लोण्यासारखं!"



पलीकडून घसा खाकरल्याचा आवाज. "लोणी? लोणी म्हणे! तुला काय कळतं रे तेलातलं? वळणावर झपकन गिअर पाडायचा तर दोन क्लचला तोड आहे का?" असा तावातावाने सुटला म्हणता! ऊटे मागून ओरडतेय, "बाबा, हळू, रक्तदाब!"

तेव्हापासून दर गुरुवारी फोन. तो माझ्या गाडीची बाजू घेतो, मी त्याच्या. फोन ठेवला की रोझविता एकच बशी उचलून नेते. ते असो… पण खरं दुखणं वेगळंच आहे. जन्मभर घासूनपुसून ठेवलेले मुद्दे माझे, एकेक अस्सल, आणि आता तेच तो माझ्यावर फेकतो, आणि काय सांगू तुम्हाला…

दर गुरुवारी हरतोय हो मी!