आईच्या नाकावरची फट

लेक: बाबा, आधी हा मोबाइल धरा आणि आपल्याच दुकानाचा पत्ता वाचून दाखवा.

बाबा: जन्मभर लोकांना चष्मे विकले, आता तू माझे डोळे तपास! ...अगं, हे अक्षर आहे की मुंगी? थांब, मोठं करतो. हात्तिच्या, अर्धं पानच पळालं बाहेर.

लेक: गिऱ्हाइकाचंही हेच होतं. तो पत्ता शोधत बसत नाही, समोरच्या दुकानात जातो. म्हणून म्हणते, आज नवी साइट चढवू द्या.

बाबा: जुनीचं काय वाकडं झालंय? तू दुडूदुडू चालत होतीस तेव्हा बांधलीय मी. पानावर रकान्यांचं टेबल, टेबलात टेबल. कप्पे पाडले, एकेका कप्प्यात एकेक गोष्ट ठेवली. जागची हलली नाही आजवर.

लेक: हलत नाही हेच तर दुखणं आहे! कपाटाला लहान हो म्हणून सांगता येतं का? सीएसएस, म्हणजे पानाच्या मांडणीची भाषा, वापरली की मजकूर एकीकडे, मांडणी एकीकडे. पडदा लहान झाला की सगळं आपोआप एकाखाली एक बसतं.

बाबा: आपोआप म्हणे! मग नव्या साइटवर तुझ्या आईच्या फोटोत नाकावर ही पांढरी फट कशी पडली?

लेक: कुठे? ...अगंबाई!

बाबा: अहो बाईसाहेब, जरा काउंटर सोडून इकडे या! लेकीनं तुमचे तुकडे केलेत.

आई: तुकडे तुम्हीच केले होते. चांगला फोटो कापलात म्हणून मी अबोला धरला होता, विसरलात?

बाबा: तेव्हा इंटरनेट रांगायचं गं. सबंध फोटो उतरेपर्यंत माणूस कंटाळून जायचा. तुकडे कसे, एकेक करून यायचे. आधी कपाळ, मग चष्मा, शेवटी हसू. लोक हसू यायची वाट बघत बसायचे.

आई: लोक कुठले! तुम्हीच बसायचात, दुकान उघडल्या उघडल्या.

लेक: मग मूळ फोटो द्या ना, सबंधच टाकते.

आई: तो दुकान हलवताना गेला, बाळा. आता तुकडेच आहेत.

बाबा: म्हणून सांगतोय, टेबलाला हात लावू नकोस. टेबल काढलं की फोटो फुटतो. आणि खरं सांगू? एकेक कप्पा मी हातानं बसवलाय. टेबल गेलं की त्या साइटमध्ये माझं काही उरत नाही गं.

लेक: बाबा... ती फट का पडली, सांगू? ब्राउझर फोटोलाही अक्षरच समजतो. अक्षराखाली उकारासाठी जागा सोडतात ना, तशी त्यानं प्रत्येक तुकड्याखाली सोडली. त्याला एवढंच सांगायचं, बाबा रे, हे अक्षर नाही, ठोकळा आहे. एक ओळ लागते.

बाबा: एक? असल्या कामासाठी मी अख्खं टेबल रचलं!

लेक: तेव्हाचे ब्राउझर असल्या ओळींना दाद देत नव्हते. तुम्ही केलंत तेच तेव्हा बरोबर होतं.

बाबा: लोणी लावू नकोस.

आई: लावून घ्या हो, लेकीच्या हातचं आहे.

बाबा: सरक जरा. ती ओळ मी लिहितो, तू नुसती सांग.

लेक: डिस्प्ले. मग कोलन. मग ब्लॉक, म्हणजे ठोकळा. आणि अर्धविराम... अहो, विराम विसरलात.

बाबा: दिला, दिला!

आई: अय्या, जुळलं की नाक!

बाबा: मोबाइलवर बघू दे. ...पत्ता दिसतोय चांगला. आणि हसू एकदमच आलं गं, थांबावंच लागलं नाही.

लेक: वाईट वाटलं?

बाबा: वाटलं थोडं. (खुर्ची पुढे ओढून) बरं, पुढची ओळ सांग.